वाचकांचे प्रश्न: निवडणुका हरत गेलेला, झाडं लावत गेलेला नेब्रास्काचा एडिटर

मागच्या अंकात १ जुलैच्या कृषी दिनावर लेख आला होता, त्यात शेवटी एक ओळ होती की अमेरिकेत झाडं लावायचा दिवस पहिल्यांदा नेब्रास्का राज्यात १८७२ साली पाळला गेला आणि तो पुढं शेतीमंत्री झालेल्या एका राजकारणी पेपरवाल्यानं सुचवला होता, त्या एका दिवशी दहा लाख झाडं लागली म्हणतात. तेवढ्या ओळीवरून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज सुरू झाले, म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्याच माणसाला दिलं आहे. सारखे सारखे प्रश्न एकत्र केले, नावं छापली नाहीत, फक्त गाव-तालुका टाकला.

प्रश्न: पेपर काढणारा माणूस शेतीमंत्री कसा काय झाला? त्याचं नाव-गाव, शिक्षण, घरदार सगळं सांगा ना भाऊ. (दारव्हा तालुक्यातले एक कास्तकार)

उत्तर: भाऊ, माणसाचं नाव जुलियस स्टर्लिंग मॉर्टन. २२ एप्रिल १८३२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडम्स गावी जन्मला, वाढला मात्र मिशिगनमधल्या मन्रो गावात. कॉलेज मिशिगन युनिव्हर्सिटीत, पण १८५४ मध्ये डिग्री हातात यायला थोडेच दिवस राहिले असताना कॉलेजच्या प्रमुखाशी वाजलं आणि याला काढून टाकलं, डिग्री मग काही वर्षांनी मिळाली. हा स्वभाव त्याचा मरेपर्यंत राहिला. पटलं नाही की तोंडावर बोलायचं, समोर सरकार असो की स्वतःची पार्टी.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकन काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, कॅन्सस-नेब्रास्का कायदा पास केला आणि मिसुरी नदीच्या पश्चिमेचा भलामोठा गवताळ मुलूख गोऱ्यांच्या वस्तीसाठी उघडला. आपल्याकडं नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेही याच सुमाराला, म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल. ३० ऑक्टोबर १८५४ ला मॉर्टननं कॅरोलिन जॉय फ्रेंच या मुलीशी लग्न केलं आणि त्याच दिवशी नवराबायको दोघं नेब्रास्काला निघाले. दोघंही विशी-बाविशीतले, तिकडं ना ओळखीचं कोणी, ना घर, ना रस्ता.

आधी उतरले बेलव्ह्यू गावात, राजधानी तिथंच होईल असं वाटत होतं म्हणून. पण नेब्रास्काचा पहिला गव्हर्नर फ्रान्सिस बर्ट शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत वारला, त्याच्या जागी काम पाहणाऱ्या थॉमस क्युमिंगनं राजधानी ओमाहाला नेली, आणि मॉर्टनचं त्याच्याशी जे बिनसलं ते बिनसलंच. १८५५ मध्ये त्यानं बिऱ्हाड नेब्रास्का सिटीला हलवलं, गावाच्या पश्चिमेला १६० एकर जमीन धरली आणि 'नेब्रास्का सिटी न्यूज' या पेपरचा एडिटर झाला. तेव्हापासून सकाळी शेती, दुपारी पेपर आणि संध्याकाळी राजकारण असंच त्याचं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल.

नेब्रास्का तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती. म्हणजे गव्हर्नर आणि सेक्रेटरी वॉशिंग्टनहून नेमून येणार, लोकांनी निवडायचे ते फक्त इथल्या विधानसभेचे मेंबर आणि वॉशिंग्टनला पाठवायचा एक प्रतिनिधी, त्यालाही तिथं मत द्यायचा हक्क नाही. मॉर्टन विधानसभेत गेला, मग १८५८ मध्ये प्रेसिडेंट बुकॅननने त्याला टेरिटरीचा सेक्रेटरी नेमलं, १८६१ पर्यंत ते पद त्याच्याकडं होतं, आणि मधल्या काळात गव्हर्नरनं राजीनामा दिला तेव्हा डिसेंबर १८५८ पासून मे १८५९ पर्यंत प्रभारी गव्हर्नर म्हणूनही बसला. मग जवळपास तीस वर्षं सरकारी खुर्ची नाही. शेवटी १८९३ मध्ये प्रेसिडेंट ग्रोव्हर क्लीव्हलंड दुसऱ्यांदा निवडून आला आणि त्यानं याला देशाचा शेतीमंत्री केलं, १८९७ पर्यंत. शेतीखात्याला कॅबिनेटचा दर्जा मिळाला १८८९ मध्ये, त्यामुळं मॉर्टन हा त्या खुर्चीवरचा तिसराच माणूस. तोवर त्याच्या नावावर दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या, एक म्हणजे झाडं आणि दुसरी म्हणजे पार्टीतला कडक, काटकसरी, कोणाचं न ऐकणारा जुना डेमोक्रॅट. क्लीव्हलंडला तसाच माणूस पाहिजे होता.

प्रश्न: मी पत्रकारितेचा कोर्स करतो. एवढ्या ओसाड मुलखात पेपर चालायचा कसा, वाचायचं कोण, पैसा कुठून यायचा? आणि राजकारणातल्या माणसानं पेपर काढणं तुम्हाला बरोबर वाटते का? (आर्वीचा एक विद्यार्थी)

उत्तर: चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर थोडं लांबणार. मिसुरी नदीतून आगबोटी वर यायच्या, त्यांच्यातूनच हातानं दाबायचं छापयंत्र, कागद आणि छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या यायच्या. एक-दोन माणसं खिळे जुळवायची, एडिटर स्वतःच बातमी लिहिणार, स्वतःच जाहिरात आणणार, वेळ पडली तर स्वतःच शाई लावणार. पेपर आठवड्याचा, पानं चार. बाहेरच्या बातम्या कुठून यायच्या? तर त्या काळी अमेरिकन पोस्टानं एक फार मोठी सवलत दिली होती, एका एडिटरनं दुसऱ्या एडिटरला आपला पेपर पाठवला तर टपालखर्च लागत नव्हता, म्हणून सगळे एकमेकांचे पेपर मागवायचे आणि त्यातलं कापून आपल्यात छापायचे. खेड्यातला पेपर जगाशी जोडलेला राहिला तो या एका नियमामुळं असं मला वाटते.

पैसा वर्गणीतून फार येत नव्हता. खरी कमाई सरकारी छपाईची, कोर्टाच्या आणि जमिनीच्या नोटिसांची, आणि गाव वसवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींची. प्लॉट पाडून ठेवलेले असायचे आणि गावात घरं दहा-वीस, मग पेपरनं लिहायचं की इथं रेल्वे येणार, इथं बाजार होणार, इथली माती सोन्यासारखी, आणि ते अंक पूर्वेकडं पाठवायचे म्हणजे तिकडचे लोक सामान बांधून येतील. नेब्रास्का सिटीचं त्यातलं बरंच खरंही झालं, १८५८ पासून रसेल, मेजर्स आणि वॉडेल कंपनीच्या बैलगाड्यांचे तांडे फौजेचा माल घेऊन इथूनच पश्चिमेला सुटायचे.

आता राजकारणाचं. तिकडं तेव्हा प्रत्येक पेपर कोणत्या ना कोणत्या पार्टीचा होता आणि ते उघड होतं, वाचकालाही माहीत होतं. आपल्या विदर्भातही बापूजी अण्यांनी यवतमाळात 'लोकमत' काढला, ब्रिजलाल बियाणींचा अकोल्याला 'मातृभूमी' होता, ही माणसं राजकारणातलीच होती आणि पेपर हे त्यांचं सभेचं मैदान होतं. माझ्या मते पक्ष असणं हा दोष नाही, लपवणं हा दोष आहे.

मॉर्टननं पेपरचा सगळ्यात चांगला उपयोग केला तो बँकांच्या प्रकरणात. १८५५-५६ मध्ये टेरिटरीची विधानसभा धडाधड बँकांना परवाने देत होती. त्या बँका स्वतःच्या नोटा छापायच्या, मागं सोनं-चांदी जवळपास काहीच नाही, आणि लोक त्या नोटा घेऊन जमिनी विकत घेत होते, सगळ्यांना वाटत होतं आपण श्रीमंत झालो. मॉर्टन पेपरातून आणि सभागृहातून दोन्हीकडून ओरडत राहिला की हे सगळं बुडणार आहे. लोकांना ते ऐकायचंच नव्हतं, १८५६ च्या इलेक्शनमध्ये त्याला पाडलं. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, अमेरिकेत मोठी मंदी आली आणि नेब्रास्कातल्या बहुतेक बँका बुडाल्या, आपल्याकडं पतपेढी बुडली की गावोगाव जे होते तेच तिकडं झालं, लोकांच्या हातात नोटा राहिल्या आणि त्यांची किंमत शून्य. मग त्याच लोकांनी मॉर्टनला परत निवडून दिलं. खपाची, जाहिरातीची आणि स्वतःच्या सीटची पर्वा न करता एडिटर उभा राहिला याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं चटकन आठवत नाही, आणि तू या लायनीत जाणार असशील तर हे प्रकरण शोधून वाच.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७० च्या दशकात हाच माणूस बर्लिंग्टन रेल्वे कंपनीकडून पैसे घेऊन तिच्यासाठी लिहायचा आणि तिच्या बाजूनं लॉबिंग करायचा. त्या कंपनीला सरकारकडून नेब्रास्कात लाखो एकर जमीन मिळाली होती आणि ती वस्तीला येणाऱ्या शेतकऱ्यांना विकायची होती, वर त्याच शेतकऱ्यांच्या मालाचं भाडंही तीच ठरवणार. शेतकऱ्याचा एडिटर म्हणवून घ्यायचं आणि रेल्वेचे पैसे घ्यायचे, हे मला मान्य नाही. बँकांच्या वेळी जी नजर होती ती इथं का नव्हती, हा प्रश्न त्याच्या आयुष्याला विचारलाच पाहिजे.

प्रश्न: तुमच्या लेखात "राजकारणी" लिहिलं आहे, मग तो निवडून किती वेळा आला? (अचलपूरचे एक झेडपी शिक्षक)

उत्तर: सर, फार कमी. विधानसभेत १८५५ आणि १८५७ ला, तेवढंच. १८६० मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीच्या सीटसाठी उभा राहिला, पहिल्या मोजणीत फक्त १४ मतांनी जिंकला, सर्टिफिकेटही मिळालं, मग वाद झाला आणि शेवटी सीट समोरच्या सॅम्युएल डेलीला गेली. १८६६ मध्ये राज्य होण्याच्या तोंडावर गव्हर्नरसाठी उभा राहिला, डेव्हिड बटलरनं शंभरएक मतांनी पाडलं. १८८२, १८८४ आणि १८९२ ला पुन्हा गव्हर्नरसाठी उभा राहिला, तिन्ही वेळा हरला, १८९२ मध्ये तर तिसऱ्या नंबरवर गेला.

त्या तिसऱ्या नंबरचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा नेब्रास्कातला शेतकरी कर्जात बुडालेला, मक्याला भाव नाही, रेल्वेचं भाडं जास्त, सावकाराचं व्याज चालूच. त्यातून पॉप्युलिस्ट पार्टी उभी राहिली, तिचा जाहीरनामा जुलै १८९२ मध्ये ओमाहालाच मंजूर झाला. शेतकरी म्हणत होता की चांदीचंही चलन भरपूर निघू द्या, पैसा सैल होईल, कर्ज फिटेल. मॉर्टन म्हणायचा, सोन्याशिवाय चलन नाही, कर्ज घेतलं तर तितक्याच भारी पैशात फेडा. याच मुद्द्यावर त्याचं त्याच्याच पार्टीतल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनशी आयुष्यभराचं वैर झालं. गंमत नाही हो, दोघंही नेब्रास्काचे, दोघंही डेमोक्रॅट, दोघंही पेपरवाले. ब्रायननं १९०१ मध्ये 'द कॉमनर' काढला, मॉर्टननं त्याआधी १८९८ मध्ये 'द कॉन्झर्व्हेटिव्ह' नावाचं साप्ताहिक काढलं होतं आणि २७ एप्रिल १९०२ ला मरेपर्यंत चालवलं. शेतकऱ्याच्या कर्जाच्या बाबतीत मी ब्रायनच्या बाजूचा आहे. विदर्भात राहणाऱ्या माणसाला दुसरी बाजू घेणं जमतच नाही.

प्रश्न: आमच्या बचत गटानं मागच्या वर्षी झाडं लावली, त्यातली अर्धीही राह्यली नाही. त्या माणसानं एका दिवसात दहा लाख झाडं लावली म्हणता, ते कसं जमलं? आणि तिकडं झाडं नव्हतीच काहून? (सेलू तालुक्यातल्या एक ताई)

उत्तर: ताई, तिकडचा मुलूख डोळ्यासमोर आणा. नजर जाईल तिथवर गवत, झाड असेल तर फक्त नदी-नाल्याच्या काठी, तेही बहुतेक कॉटनवूड. घराला लाकूड नाही म्हणून लोक गवताच्या मुळासकट मातीचे चौकोन कापून त्याच्या भिंती रचायचे आणि त्यात राहायचे. चुलीत रानरेड्यांचं वाळलेलं शेण नाहीतर मक्याची कणसं. हिवाळ्यात वारा असा सुटायचा की अडवायला काहीच नाही. म्हणून झाड म्हणजे तिकडं शोभा नव्हती, ते सरपण होतं, घराचा वासा होता, वाऱ्याला आडोसा होता आणि फळ होतं.

मॉर्टन आणि कॅरोलिननं पहिल्यापासून आपल्या त्या १६० एकरात झाडं लावायला सुरुवात केली, सफरचंदाची बाग केली, आणि काय जगलं काय मेलं ते तो पेपरातून, भाषणातून सांगत राहिला. हे मला फार महत्त्वाचं वाटते. कॅरोलिनचा त्यात मोठा हात होता, घराभोवतीचा बगिचा तिनं उभा केला, १८८१ मध्ये ती वारली आणि तिचं नाव मात्र मागं राहून जाते.

४ जानेवारी १८७२ ला लिंकन शहरात राज्याच्या शेती मंडळाची बैठक होती, तिथं मॉर्टननं ठराव मांडला की १० एप्रिल हा दिवस पूर्ण राज्यात झाडं लावायला ठेवावा. ठराव नुसता मांडून बसला नाही, त्यात बक्षिसं होती: जो काउंटी (तिकडचा जिल्हा) सगळ्यात जास्त झाडं नीट लावेल त्याला १०० डॉलर आणि ज्या एका माणसानं सगळ्यात जास्त लावली त्याला २५ डॉलरची शेतीची पुस्तकं. राज्यातल्या पेपरांनी ते तीन महिने लावून धरलं, कारण मांडणारा स्वतः त्याच धंद्यातला, त्याला माहीत होतं की गोष्ट एकदा छापून होत नसते. त्या दिवशी दहा लाखाच्या वर झाडं लागली असं तेव्हापासून सांगतात. आणि खुद्द मॉर्टननं मागवलेली ८०० झाडं त्या दिवशी वेळेवर पोचलीच नाहीत, त्यानं ती मग नंतर लावली.

दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, गव्हर्नर रॉबर्ट फर्नासनं तो दिवस सरकारी घोषणा करून पाळला. फर्नासही पेपरवालाच, ब्राउनव्हिल गावात 'नेब्रास्का ॲडव्हर्टायझर' काढायचा. १८८५ मध्ये आर्बर डेची (झाडं लावायच्या या दिवसाचं तिकडचं नाव) कायद्यानं सुट्टी झाली आणि तारीख ठेवली २२ एप्रिल, मॉर्टनचा वाढदिवस, माणूस जिवंत असताना. आपण १ जुलैला वसंतराव नाईकांच्या जन्मदिवशी कृषी दिन पाळतो, ही तशीच गोष्ट. मॉर्टनचं या दिवसाबद्दलचं एक वाक्य तिकडं शाळेतल्या पोरांना पाठ असते, त्याचा अर्थ असा की बाकीचे सण मागं होऊन गेलेल्या गोष्टींवर टेकलेले असतात, आर्बर डे पुढचा विचार करतो.

आता तुमचं खरं दुखणं, झाडं जगण्याचं. तिकडंही सगळी जगली नाहीत. १८७३ मध्ये नेब्रास्काचाच सिनेटर फिनीयस हिचकॉक यानं एक कायदा आणला की १६० एकरातल्या ४० एकरावर झाडं लावून जगवा आणि जमीन तुमची. नंतर ४० चे १० एकर केले. तरी फसवणूक एवढी झाली की १८९१ मध्ये कायदा रद्द करावा लागला, लोक जमीन अडवून ठेवायचे, झाडं लावल्याचं दाखवायचे आणि पुढं विकून टाकायचे. १८७४ मध्ये टोळधाड आली, तिनं उभं पीक खाल्लं. वर तिकडं असा समज पसरवला होता की नांगरलं आणि झाडं लावली की पाऊस आपोआप वाढतो, १८९० आणि १८९४ च्या दुष्काळानं तो समज मोडून काढला आणि हजारो कुटुंबं घरदार सोडून परत पूर्वेला गेली.

जी झाडं टिकली ती कोणाची? ज्यानं घराजवळ, विहिरीजवळ, स्वतःच्या वावराच्या कडेनं लावली त्याची. ताई, आपल्याकडं १९५० पासून वनमहोत्सव आहे, कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना सुरू झाला, पण पांदणीच्या कडेला सरकारी खड्ड्यात लावलेलं रोप मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पाण्याविना कसं राहील, आणि बकऱ्या वेगळ्याच. गटातल्या एकेका बाईनं स्वतःच्या धुऱ्यावर मोजकीच लावावी, निंब, बोर, बाभूळ, मोह असं इथलंच, भोवती बोराटीच्या काट्याचं कुंपण, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्या बाईचं नाव वहीत. बक्षीस द्यायचंच असेल तर ते लावायच्या दिवशी देऊ नका, तिसऱ्या वर्षी उभ्या झाडावर द्या. मॉर्टनच्या ठरावात मला एवढीच कमी दिसते.

प्रश्न: ती १६० एकर जमीन आधी कोणाची होती? (केळापूर तालुक्यातला एक आदिवासी युवक)

उत्तर: ओटो-मिसुरिया लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीची. मार्च १८५४ मध्ये त्यांच्याकडून करार करून घेतला आणि मिसुरीच्या काठची त्यांची जमीन सरकारनं घेतली, त्यानंतर काही महिन्यांत मॉर्टनसारखे लोक तिथं खुंट्या ठोकायला आले. त्या लोकांना आधी बिग ब्लू नदीकाठच्या एका तुकड्यावर बसवलं आणि १८८१ मध्ये तिथूनही उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. तू विचारलं ते बरं केलं, कारण तिकडच्या जुन्या गोष्टींत हे वाक्य "मोकळी जमीन" एवढंच असते.

आणि दुसरं. मॉर्टन गुलामी बंद करायच्या विरोधात होता आणि काळ्या माणसाला मताचा हक्क द्यायच्याही विरोधात होता, हे त्यानं लपूनछपून नाही, उघड लिहिलं-बोलला. त्याच्याच नेब्रास्का सिटीत डिसेंबर १८६० मध्ये माणसांचा लिलाव झाला होता. जानेवारी १८६१ मध्ये टेरिटरीच्या विधानसभेनं गव्हर्नरचा विरोध मोडून गुलामीबंदी पास केली, तेव्हा मॉर्टन दुसऱ्या बाजूला उभा होता. झाडं लावली म्हणून हे पुसलं जात नाही, आणि मी ते पुसणारही नाही.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये (संसदेच्या इमारतीत) प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. नेब्रास्काचे १९३७ पासून मॉर्टन आणि ब्रायन होते. २०१९ मध्ये ब्रायनच्या जागी पोंका जमातीचा मुखिया स्टँडिंग बेअर याचा पुतळा बसला आणि २०२३ मध्ये मॉर्टनच्या जागी लेखिका विला कॅथरचा. स्टँडिंग बेअरची गोष्ट तुला माहीत पाहिजे: त्याच्या लोकांना दक्षिणेत हाकललं, तिथं त्याचा पोरगा मेला, त्याचं प्रेत आपल्या मातीत पुरायला तो परत निघाला आणि फौजेनं पकडला. ओमाहाच्या कोर्टात १८७९ मध्ये केस चालली आणि जजनं निकाल दिला की कायद्याच्या नजरेत इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी) हा "माणूस" आहे, त्याला विनाकारण डांबता येत नाही. ही केस उभी राहिली ती 'ओमाहा हेराल्ड' च्या थॉमस टिबल्स नावाच्या पत्रकारानं रात्रंदिवस धडपड केली, वकील जमवले, देशभर तारा पाठवल्या म्हणून. नेब्रास्कातल्या पेपरवाल्यांत पहिलं नाव कोणाचं घ्यायचं असं मला विचारलं तर मी टिबल्सचं घेईन, मॉर्टनचं त्याच्यानंतर.

प्रश्न: शेतीमंत्री झाल्यावर त्यानं शेतकऱ्यांचं फुकट बियाणं बंद केलं असं वाचलं. मग तो शेतकऱ्याचा कसा? (हिंगणघाटचे एक वाचक)

उत्तर: बंद करायचा प्रयत्न केला, पण काँग्रेसनं होऊ दिलं नाही. तिकडं ही प्रथा जुनी, १८३९ मध्ये सरकारनं बी-बियाणं आणि शेतीची आकडेवारी गोळा करायला १००० डॉलर दिले तिथून सुरुवात. तेव्हा हेतू चांगला होता, बाहेरदेशाहून नवीन वाण आणायचं आणि शेतकऱ्याकडं करून पाहायचं. मॉर्टनच्या काळापर्यंत त्याचं काय झालं होतं, तर मुळा, कोबी, फुलझाडं असलं कोणत्याही दुकानात मिळणारं बी लाखो पुड्यांत भरायचं, काँग्रेसच्या मेंबरांना वाटून द्यायचं आणि त्यांनी ते आपल्या नावानं मतदारांना फुकट टपालानं पाठवायचं. मॉर्टन म्हणाला, हे बियाणं नाही, हा इलेक्शनचा खर्च आहे आणि तो सरकार भरते. त्यानं खरेदी थांबवली तर १८९६ मध्ये काँग्रेसनं ठरावच करून त्याला बी वाटायला लावलं, आणि ती वाटप पुढं १९२० च्या दशकापर्यंत चालली.

या मुद्द्यावर मी पूर्ण त्याच्या बाजूनं आहे. आपल्याकडंही पेरणी उरकल्यावर थैल्या येतात, ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही, ज्याची ओळख त्याला मिळते, आणि थैलीवर फोटो मात्र मोठा असतो. नवीन वाण असेल तर चार गावांत चार शेतकऱ्यांच्या वावरात लावा, सगळ्यांना दिसेल.

खर्चाच्या बाबतीत तो एवढा कडक की खात्याला मंजूर झालेल्या पैशातला जवळपास पाचवा हिस्सा न वापरता तिजोरीत परत केला. हे मात्र मला अर्धंच पटते, कारण त्याच वर्षांत नेब्रास्कात दुष्काळ होता, मंदी होती, आणि शेतीखात्याचा पैसा वाचवणं ही त्या वर्षी मोठेपणाची गोष्ट नव्हती. तरी जे केलं तेही सांगतो: गवत आणि चाऱ्याच्या अभ्यासाचा वेगळा विभाग काढला, अमेरिकेचा माल बाहेरच्या देशांत कुठं खपेल ते शोधणारा विभाग काढला, आणि नोकरभरती वशिल्यावरून परीक्षेकडं नेली.

तुम्ही हिंगणघाटचे म्हणून एक जोडतो. मॉर्टनची पार्टी ज्या प्रश्नावर फुटली त्याच गुलामीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे ते भाव आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्याच वर्षी १ मार्चला नेब्रास्का राज्य झालं. लढाई संपली, अमेरिकन कापूस परत बाजारात आला आणि आपला भाव पडला. तिकडच्या कापसाच्या भावावर आपल्या पऱ्हाटीचं नशीब ठरायला तेव्हापासून सुरुवात झाली.

प्रश्न: त्याचं घर, बाग आता आहे का? पोरांनी काय केलं? (वरुडचे एक संत्रा बागायतदार)

उत्तर: आहे. चार पोरं होती, चारही कर्तबगार निघाले. पॉल १९०४ मध्ये अमेरिकेचा नौदलमंत्री झाला. थोरला जॉय यानं मिठाचा धंदा केला, तिकडं मॉर्टन मीठ अजूनही घरोघरी असते, आणि शिकागोजवळ लाईल गावात १९२२ मध्ये झाडांचं मोठं संग्रहालय उभं केलं. बापानं जे घर-शेत धरलं होतं तिथं जॉयनं ५२ खोल्यांचा वाडा वाढवला आणि १९२३ मध्ये तो पूर्ण आवारासकट राज्याला देऊन टाकला, पुढं ते आर्बर लॉज नावाचं सरकारी उद्यान झालं. नेब्रास्काच्या मधोमध वाळूच्या टेकड्यांवर, जिथं एकही झाड नव्हतं, तिथं प्रोफेसर चार्ल्स बेसी यांच्या आग्रहानं १९०२ पासून हातानं लावलेलं हजारो एकरांचं जंगलही उभं आहे. आणि काका, तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे नेब्रास्का सिटीत सफरचंदाच्या बागा आजही आहेत, सप्टेंबरात तोडा सुरू झाला की गावात सफरचंदाची जत्रा भरते आणि लोक दुरून गाड्या करून बागेतूनच पेट्या घेऊन जातात.